आग विझवली, शंभर गुण मिळाले; पण शिकलो काय?

डोळ्यांवर हेडसेट चढवला आहे. समोर एका ऑफिसची खोली. कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यातून धूर निघतोय आणि बघता बघता ज्वाळा दिसायला लागतात. भिंतीवरचा अग्निशामक सिलिंडर तुम्ही उचलता, पिन ओढता, नळी रोखता, खटका दाबता. फुस्स आवाज, पांढरा फवारा, आग गायब. हवेत सोनेरी अक्षरं उमटतात: '१०० गुण!' नाण्यांचा खळखळाट होतो. बाजूच्या फलकावर तुमचं नाव सातव्या क्रमांकावरून चौथ्यावर सरकतं.

मजा आली? आली. आता सांगा, उद्या खरोखरच कुठे आग लागली तर तुम्ही काय कराल?

बहुधा धावत जाऊन सिलिंडर उचलाल. आणि नेमकं तेच जिवावर बेतू शकतं. कचऱ्याच्या डब्यापुरती लहान आग असेल तर ठीक. पण ती पडद्याला लागली असेल, खोली धुराने भरली असेल किंवा तुम्ही आणि दार यांच्यामध्ये ज्वाळा असतील, तर बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं आणि मदत बोलवायची, एवढंच आपलं काम. पण तुमच्या खेळात बाहेर पडण्याला गुणच नव्हते. आग दिसली की विझवायची, एवढंच त्याने तुमच्या डोक्यात पक्कं केलं.

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीतून, म्हणजे व्हीआरमधून शिकवताना खेळाचे घटक वापरायचे ते कसे, याची सगळी मेख या एका खोलीत आहे. त्यामुळे आपण तिथे पुन्हा जाणार आहोत. आधी थोडी तयारी.

हिशेब वेगळा, डाव वेगळा

जे मुळात खेळ नाही तिथे खेळाच्या रचनेतले घटक वापरणं म्हणजे गेमिफिकेशन. ही व्याख्या सेबास्टियन डेटर्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडली आणि आजही तीच चालते. गुण, बॅज, लेव्हल, लीडरबोर्ड, रोज न चुकता हजेरी लावल्याची साखळी ही त्यातली ओळखीची मंडळी. त्यांची नावं इतक्या पटकन तोंडावर येतात की खेळ म्हणजे एवढंच, असं वाटायला लागतं.

बुद्धिबळाचा पट आठवा. पटावर कुठे नाणी वाजत नाहीत की तारे उगवत नाहीत. तरी माणसं तहानभूक विसरून त्यात बुडतात. का? कारण नियम स्वच्छ असतात. प्रत्येक चालीला लगेच उत्तर मिळतं. निवड आपली असते आणि तिचं फळही आपल्याच पदरात पडतं. हरलो तर सोंगट्या पुन्हा मांडता येतात, कोणी ओरडत नाही. खेळाचा जीव यात आहे. गुण हा नंतर वहीत लिहायचा हिशेब.

म्हणून या लेखापुरते मी दोन ढीग करतो. गुण, बॅज, क्रमवारी हे हिशेबाचे घटक. नियम, निवड, परिणाम, वाढत जाणारी अवघड पातळी, पुन्हा खेळायची मुभा हे डावाचे घटक. हिशेबाचे घटक कुठल्याही गोष्टीवर वरून चिकटवता येतात आणि त्याला वेळही लागत नाही, म्हणून ते सगळीकडे दिसतात. डावाचे घटक मात्र शिकवायच्या विषयातूनच काढावे लागतात, आणि त्यासाठी तो विषय आतून माहीत असावा लागतो. माझं म्हणणं असं, की व्हीआरमध्ये हिशेबाचे घटक जितके कमी तितकं बरं, आणि डावाचे घटक नसतील तर हेडसेट डोक्यावर चढवायचं कारणच उरत नाही.

जमिनीवरचं विमान

खोट्या जगात खरं कसब शिकवायची कल्पना हेडसेटपेक्षा बरीच जुनी आहे. एडविन लिंक या अमेरिकन माणसाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. ऑर्गनमधल्या हवेच्या भात्यांचं तंत्र वापरून लिंकने १९२९ साली एक ठेंगणं, बंद कॉकपिट तयार केलं. ते जमिनीवरच राहायचं, पण आतल्या माणसाने दांडा हलवला की विमानासारखं कलायचं, वळायचं. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर तयार झाले.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. प्रशिक्षकाच्या टेबलावर नकाशा असायचा आणि त्यावर चाकांचं एक छोटंसं यंत्र फिरत त्या न उडणाऱ्या विमानाचा मार्ग शाईने काढत जायचं. शिकणारा बाहेर आला की दोघे मिळून ती रेघ बघू शकत. कुठे भरकटलो, कुठे उगाच गिरकी घेतली, सगळं समोर. गुण नव्हते, पण खेळाइतकंच चोख उत्तर मिळत होतं.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा पडदा बनवला. त्याचा सांगाडा इतका जड होता की तो छताला टांगावा लागे. २०१२ साली ऑक्युलस या कंपनीने लोकवर्गणीतून पैसे उभे केले तेव्हा स्वस्त हेडसेटची लाट सुरू झाली, आणि २०१९ साली संगणकाची वायर न लागणारा त्यांचा क्वेस्ट हा हेडसेट आला. यंत्र हलकं झालं, दर उतरले आणि शिक्षणाचे प्रयोग वाढले. दरम्यान गेमिफिकेशनचीही हवा होती. दोन्ही लाटा एकमेकींत मिसळल्या. हवेत तरंगणारी ती सोनेरी नाणी आली ती अशी.

नाणं वाजलं आणि जादू गेली

हेडसेटमध्ये आपल्याला काय होतं, हे मेल स्लेटर या संशोधकाने २००९ साली दोन भास वेगळे करून समजावलं. पहिला भास जागेचा: मी इथेच आहे. मान वळवली की दृश्य तसंच वळतं, वाकलं की टेबलाखालचं दिसतं, म्हणून शरीराला जागा पटते. दुसरा भास घटनेचा: हे खरंच घडतंय. समोरच्या जगाने आपल्या कृतीला पटेलसं उत्तर दिलं की हा भास टिकतो. दोन्ही जमले की माणूस खऱ्यासारखा वागतो. खोल दरीच्या काठावर उभं केलं तर, खाली सपाट फरशी आहे हे ठाऊक असूनही, पाय मागे येतो.

आता यात नाणी टाका. फोनवरच्या शब्दकोड्यात नाणी वाजली तर काही बिघडत नाही, कारण तिथे कुठला भास नसतोच. पण जळत्या खोलीत आकडा तरंगायला लागला की जागेचा भास राहतो आणि घटनेचा मोडतो. मेंदूला इशारा मिळतो: अरे, हा तर खेळ! तिथपासून माणूस आगीकडे बघत नाही, आकड्याकडे बघतो.

खरं तर व्हीआरला आकड्याची गरजच कमी असते, कारण तिथे जग स्वतः बोलू शकतं. फवारा ज्वाळांच्या शेंड्यांवर मारला तर आग हटू नये. बुडाशी मारला तर बसावी. पेटत्या तेलावर पाणी ओतलं तर भडका उडावा, कारण पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती जळतं तेल उधळते. असा भडका एकदा समोर उडालेला पाहिला की 'चूक, वजा दहा' असं लिहायला लागत नाही. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात. इथे ठेच आपल्यालाच लागते, फक्त रक्त येत नाही.

मन रमलं म्हणजे शिकलं असं नाही

हा भाग जरा कडू आहे, पण टाळण्यासारखा नाही.

जॉन स्वेलर यांनी १९८८ च्या सुमारास मांडलेला एक विचार शिक्षणशास्त्रात आता पक्का बसला आहे. नवीन गोष्ट शिकताना डोक्यात ती घोळवायला जी तात्पुरती जागा लागते, ती फार लहान असते. त्या जागेत विषयाबाहेरचं काही घुसलं की विषय बाहेर ढकलला जातो. व्हीआर ही जागा पटकन भरतं. चारी बाजूंनी दृश्यं, हातातली बटणं, आपण कुठे उभे आहोत याचा अंदाज. त्यात टिकटिकणारं घड्याळ, गुण आणि प्रतिस्पर्ध्याचं नाव घातलं, तर मूळ धड्याला बसायला पाटच उरत नाही.

हा नुसता तर्क नाही. २०१९ साली गुइडो मक्रान्स्की, थॉमस तेर्किल्सेन आणि रिचर्ड मेयर यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठातल्या ५२ विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेचं एक सिम्युलेशन, म्हणजे आभासी नक्कल, साध्या संगणकावरही केलं आणि हेडसेटमध्येही. हेडसेटमध्ये आपण खरोखर प्रयोगशाळेत आहोत असं त्यांना जास्त वाटलं, पण शिकणं कमी झालं. मेंदूच्या लहरींच्या नोंदीही डोक्यावर जादा ओझं आल्याचं दाखवत होत्या.

त्याआधी, २०१८ मध्ये, जोसेलिन पाराँग आणि मेयर यांनी रक्तवाहिनीतून फिरवून आणणारा व्हीआर धडा आणि त्याच मजकुराच्या स्लाइड यांची तुलना केली होती. मजा कशात जास्त आली? व्हीआरमध्ये. चाचणीत कोण पुढे? स्लाइडवाले. हेडसेट विकणारे आणि विकत घेणारे, दोघेही यातलं पहिलं उत्तर मोठ्याने सांगतात.

पण त्याच अभ्यासाचा पुढचा भाग जास्त कामाचा आहे. व्हीआर धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना आत्ता काय पाहिलं ते स्वतःच्या शब्दांत मांडायला सांगितलं. शिकणं सुधारलं आणि गोडीही कमी झाली नाही. खेळाच्या भाषेत याला काय म्हणाल? लेव्हल! खेळातली लेव्हल म्हणजे नुसता आकडा नसतो, तिथे डाव थोडा थांबतो. राक्षस मेला, दार उघडलं, क्षणभर शांतता. हीच शांतता शिकवणाऱ्याने वापरायची. पुढचं दार उघडण्याआधी विचारायचं: आत्ता काय झालं, सांग बरं.

बक्षिसाचा कडवट किस्सा

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. निवडलेली मुलं अशी, की ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायची आपणहून आवड होती. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळेत कोण काय करतं ते पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ स्केचपेनला हात लावत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

म्हणजे घात बक्षिसाने केला नाही, त्याच्या बोलीने केला. 'हे कर, मग ते देतो' म्हटलं की 'हे' आपोआप कामाच्या खात्यात जमा होतं.

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. २०१५ साली मायकल हॅनस आणि जेसी फॉक्स यांनी एकच अभ्यासक्रम १६ आठवडे दोन वर्गांना शिकवून पाहिला. एका वर्गात बॅज आणि लीडरबोर्ड, दुसऱ्यात नाही. बॅजवाल्या वर्गाची गोडी काळाबरोबर जास्त उतरली आणि त्याचा परिणाम शेवटच्या परीक्षेच्या गुणांवरही दिसला. दोन आठवड्यांत थांबले असते तर कदाचित हे कळलंही नसतं. व्हीआरच्या बाबतीत हा मुद्दा जपून ठेवायला हवा, कारण पहिल्यांदा हेडसेट घातलेला माणूस हरखलेलाच असतो. त्या दिवशी भरून घेतलेल्या फॉर्मवरून काही ठरवायचं नसतं.

मग हिशेबाचे घटक फेकूनच द्यायचे का? तसंही नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार माणूस आपणहून एखाद्या गोष्टीत रमतो ते तीन भुका भागल्या तर: निवड माझी आहे, मला हे जमतंय, आणि मी एकटा नाही. २०१७ साली मिखाएल झायलर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळे घटक सुटे करून तपासले, तेव्हा बॅज, क्रमवारी आणि प्रगतीचे आलेख 'मला जमतंय' या भावनेला हातभार लावताना दिसले, तर कथा, सोबती आणि आपलं रूप दाखवणारा अवतार 'मी एकटा नाही' या भावनेला. त्यामुळे खेळाचे घटक चांगले की वाईट, असं विचारून हाती काही लागत नाही. कुठला घटक कुठल्या भुकेसाठी वाढलाय, ते बघावं लागतं.

लीडरबोर्डबद्दल मात्र माझं मत बरंच कठोर आहे. तीसजणांच्या वर्गात पहिला एकच येतो आणि एकोणतीसजणांना रोज कळतं की आपण पहिले नाही. तळाच्या पाचांना तर हे कळायला फलकाची गरजही नसते. स्पर्धा हवीच असेल तर ती कालच्या स्वतःशी लावावी: मागच्या खेपेला दार शोधायला अकरा सेकंद लागले, आज सहा.

पुन्हा त्या खोलीत

चला, आता खोलीची रचना नव्याने करू. नाणी काढली, फलक काढला, घड्याळही काढलं. उरलं काय? भरपूर.

आधी ठरवायचं की शिकवायचं काय आहे. नळी रोखणं हा त्यातला सोपा भाग. पिन ओढा, बुडाशी रोखा, खटका दाबा, झाडू मारल्यासारखं आडवं फिरवा. हे कागदावरही समजतं. अवघड आहे ते ठरवणं: ही आग माझ्या आवाक्यातली आहे का? तेव्हा खेळाची मुख्य चाल 'ठरवणं' हीच हवी. शिकणारा दर खेपेला खोलीत शिरेल तेव्हा आग वेगळी. कधी डब्यात इवलीशी. कधी पडद्यावर चढलेली. कधी विजेच्या पेटीत, जिथे पाण्याचा फवारा मारणं म्हणजे स्वतःला झटका बसवून घेणं. कधी नुसता धूर, ज्वाळा दिसतच नाहीत. कुठल्या खेपेला काय येणार हे माहीत नसेल तरच माणूस बघायला शिकतो. रोज तेच दृश्य असेल तर तो फक्त क्रम पाठ करतो.

जिंकण्याचे रस्ते दोन ठेवायचे. विझवून बाहेर येणं हा एक आणि न विझवता, दार ओढून, इतरांना सावध करत बाहेर येणं हा दुसरा. दोन्ही सारखेच मानाचे. चुकीच्या खेपेला चुकीचा रस्ता धरला तर जगच उत्तर देईल: पडदा भडकेल, धूर खाली उतरेल, दिसेनासं होईल.

सिलिंडर संपतो, हे अनेकांना पहिल्यांदा इथेच कळतं. लहान सिलिंडरचा फवारा काही सेकंदच टिकतो. अनेक सिलिंडर तर दहा ते वीसेक सेकंदांत रिकामे होतात. खेळात याला मर्यादित साधन म्हणतात आणि चांगल्या डावाची अर्धी रंगत त्यातच असते. म्हणून खटका दाबला की फवाऱ्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला पाहिजे. वर पट्टी दाखवायची गरज नाही. आवाज ऐकून जो वेळेवर मागे फिरला, तो बरंच काही शिकला.

सूचनांचं काय? पहिल्या खेपेला भरपूर द्याव्यात. दाराच्या चौकटीला मंद उजेड, सिलिंडरवर बाण, कानात आवाज. दुसऱ्या खेपेला बाण गेला, तिसऱ्याला उजेड गेला, पाचव्याला आवाजही बंद. लहान मुलाला सायकल शिकवताना मागची पकड जशी हळूच सोडतात, तशीच ही सोडायची. अवघडपणा कौशल्याच्या एक पाऊल पुढे ठेवायचा, दोन नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७० च्या दशकात मांडलेली तंद्रीची कल्पना हेच सांगते: फार सोपं झालं की कंटाळा, फार अवघड झालं की धास्ती, आणि मधल्या अरुंद पट्टीत माणसाला वेळेचं भान राहत नाही.

आणि चूक झाली की काय? इथे व्हीआरकडे असं काहीतरी आहे जे खऱ्या जगाकडे नाही. वेळ मागे नेता येते. शिकणाऱ्याला छताच्या उंचीवर न्यायचं आणि खाली त्याचीच आकृती, त्याचीच धावपळ दाखवायची. मी दाराकडे पाठ करून उभा राहायला हवा होतो, हे पुस्तकात दहा वेळा वाचून होत नाही तेवढं एकदा वरून बघून कळतं.

कसबाची पायरी

लेव्हल हा शब्द बदनाम झालाय, कारण बऱ्याच ठिकाणी नुसता वेळ घालवला तरी ती वाढते. पण खऱ्या अर्थाने लेव्हल वापरली तर काय होतं, याचा एक नमुना शल्यक्रियेत सापडतो. २००२ साली नील सीमोर आणि सहकाऱ्यांनी १६ शिकाऊ सर्जनवर अभ्यास केला. दुर्बिणीतून पित्ताशय काढायची शस्त्रक्रिया होती. निम्म्यांना नेहमीसारखं शिक्षण आणि निम्म्यांना त्यासोबत आभासी सराव. तो सराव हेडसेटमध्ये नव्हता, पडद्यासमोर होता, पण हातातली अवजारं शस्त्रक्रियेसारखी होती. सराव कधी संपवायचा? इतके तास झाले म्हणून नाही. अनुभवी सर्जननी त्याच यंत्रावर जी कामगिरी केली होती, तिथे पोहोचल्यावर. नंतर खऱ्या शस्त्रक्रियेत सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचं काम २९ टक्के कमी वेळात केलं, आणि दुसऱ्या गटाकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट जास्त निघाली.

लेव्हल म्हणतात ती ही. वर जाण्याची अट खऱ्या कामातून आलेली, आणि पोहोचेपर्यंत कितीही वेळा पडायची मुभा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. व्हीआरमध्ये हातात धरायच्या कंट्रोलरचं बटण दाबणं म्हणजे सिलिंडरचा खटका दाबणं नव्हे. वजन नाही, थंडगार पत्रा नाही, पिन अडकून बसत नाही. ठरवणं, बघणं, क्रम, जागेचा अंदाज हे व्हीआर छान शिकवतं. बोटांचं कसब शिकवायला खरी वस्तू किंवा तिच्यासारखं वजनदार अवजार लागतं. दोन्ही एकाच हेडसेटवर ढकललं की गाडं अडतं.

पोटात ढवळलं तर

डोळे म्हणतात आपण चाललो, कानातला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो आपण जागेवरच आहोत. या भांडणातून गरगरतं, मळमळतं. कंट्रोलरच्या दांडीने सरकत जाण्याचा त्रास सर्वांत जास्त. स्वतःच्या पायांनी चाललं किंवा एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी घेतली तर कमी. वेगाला गुण ठेवले की लोक सरकतात आणि गर्रकन मान फिरवतात, म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच करतात. शिवाय गरगरणारा माणूस फलकावर तळाला जातो आणि बघणाऱ्याला वाटतं त्याला विषय येत नाही. बसून शिकणारा, एक हात वापरणारा, जाड चष्म्यावरून हेडसेट कसाबसा चढवलेला, या सगळ्यांचं हेच होतं. खेपा लहान ठेवाव्यात आणि मध्येच हेडसेट काढला तर डाव गमावू नये, इतकी सोय तरी हवीच.

आणखी एक गोष्ट, जी गुणांच्या वहीत दिसत नाही. हेडसेट आपली मान आणि हात क्षणोक्षणी टिपत असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली ५११ जणांच्या अशा नोंदी घेतल्या. प्रत्येकाच्या पाच मिनिटांहून कमी हालचालींवर शिकवलेल्या प्रोग्रॅमने कोण कोणता हे ९५ टक्के वेळा बरोबर ओळखलं. नाव काढून टाकलं तरी चालण्या-वळण्यातून माणूस ओळखू येतो. त्यामुळे स्कोअर साठवणाऱ्याने एक साधं पान आधीच लिहून द्यावं: काय साठवतो, किती दिवस, कोणाला दाखवतो. लहान मुलं शिकणार असतील तर हे पान पालकांच्या हातात आधी पडावं.

हेडसेट उतरल्यावर

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा भाग हा शेवटचा. खेप संपते, हेडसेट पुढच्या माणसाच्या डोक्यावर जातो, आणि आधीचा माणूस घामेजलेला चेहरा पुसत निघून जातो. शिकण्याची वेळ खरी तर आत्ता आलेली असते.

लिंकच्या टेबलावरची ती शाईची रेघ आठवते? तेच करायचं. खोलीचा आराखडा कागदावर छापायचा आणि त्यावर शिकणाऱ्याच्या पावलांची रेघ. नजर कुठे खिळली तिथे ठिपके. मार्क नाहीत, शेरा नाही. प्रशिक्षक कागद समोर सरकवतो आणि रेघेवर एका ठिकाणी बोट ठेवतो.

"इथे चार सेकंद थांबलात. काय बघत होतात?"

"दार शोधत होतो," तो म्हणतो. मग कागद थोडा जवळ ओढून बघतो. दार त्याच्या पाठीमागेच होतं.